कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या गावात माणसं किती उरलीत?

तुम्ही विचारलंय, कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या गावाची लोकसंख्या साधारण किती असते आणि ती घटतेय का. घटतेय. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्यात जवळपास 17 लाख माणसं होती, 2011 ला 16 लाख 15 हजार. सिंधुदुर्गाचंही तेच. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे 2011 नंतरचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाजच आहे.

आमची वाडी दापोली तालुक्यात, आंजर्ले आणि केळशीच्या मधल्या पट्ट्यात. उंबरे 34. गणपतीत दीडशेच्या वर माणूस असतो, फेब्रुवारीत 41. शिरगणती फेब्रुवारीतच होते. 2011 ला मोजणीचे मास्तर आले तेव्हा वडिलांनी वाद घातला, काकांची, दादाची नावं रेशनकार्डावर आहेत, तीही लिहा. मास्तर म्हणाले, जे इथं राहतात तेवढेच. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. आज वाटतं, मास्तर बरोबर होते.

आमच्या माजघरात दारामागे खिळ्याला बंद घरांच्या 13 किल्ल्या आहेत. ओळखायला सोपं म्हणून आईने प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलीय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पोफळी मधोमध मोडल्या, कौलं पाचोळ्यासारखी उडाली. मुंबईत टाळेबंदी, फोन बंद, वीज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने किल्ल्यांचा जुडगा उतरवला आणि आम्ही नऊ जण निघालो. त्यातले पाच साठीच्या पुढचे. घर उघडायचं, देव आणि गाद्या कोरड्या कोपऱ्यात न्यायच्या, वर ताडपत्री ओढायची. ताडपत्र्या संपल्या तेव्हा बायकांनी पडलेल्या माडांचे झाप विणले. पाऊस तोंडावर होता. मातीच्या भिंती एकदा भिजल्या की बसतात. लाल चिंधीचं घर दादाचं, माझ्या चुलतभावाचं. त्याच्या पडवीचा वासा मी खांद्यावर धरून उभा होतो, तो खांदा अजून दुखतो.

गेल्या मे महिन्यात तोच दादा सामाईक जमिनीच्या बैठकीत म्हणाला, "गावात आता उरलंय कोण? देऊन टाकू." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते आज देतो. 41 माणसं उरलीत. दादाच्या घरावर छप्पर आहे ते त्यांच्यामुळे.

का जातात, हेही विचारलंय. पोटासाठी. बागायत वर्षाला पैसा देते, महिन्याला नाही. पूर्वी पुरुष गिरणीत जायचे आणि बायका शेत सांभाळायच्या. 2011 ला सुद्धा जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, त्याचं कारण हेच. आता पट कमी म्हणून शाळा बंद होते आणि मुलांबरोबर आईही जाते. मग मागे म्हातारी माणसं. रस्ता रुंद केला की लोक परत येतील, हे मला अजिबात पटत नाही. आधी शाळा आणि डॉक्टर हवा.

सगळ्या किनाऱ्याला हे लागू नाही, हे सांगायला हवं. मासेमारीच्या गावांचं गणित वेगळं आहे. हर्णैजवळच्या पाजपंढरीत घराला घर लागून आहे. आणि दादा वाईट माणूस नाही. वादळानंतर निम्म्या वाडीच्या पत्र्यांचे पैसे त्यानेच पाठवले.

तुमचंही घर गावाला बंद असेल तर किल्ली शेजारी द्या आणि पावसाआधी दोन दिवस येऊन चूल पेटवा. धूर फिरला की वाशांना कीड कमी लागते. जमिनीचा विषय काढायचा असेल तर मात्र गणपतीत काढू नका. फेब्रुवारीत या, चार दिवस राहा, विहिरीचं पाणी स्वतः ओढा, मग जे इथं राहतात त्यांच्यासोबत बसून बोला. दादा, तू हे वाचत असशील तर तुलाही हेच सांगतोय. किल्ली आईकडेच आहे.