जुन्या गाडीचे ऑइल प्रेशर नेमके कसे मोजावे?

आपला प्रश्न असा आहे की, आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा ऑइलचा लाल दिवा सिग्नलला उभे असताना लुकलुकतो, मेकॅनिक इंजिन उतरवायला सांगतो आहे, तर त्याआधी प्रेशर खात्रीने कसे तपासावे. माझ्या पद्मिनीला हाच त्रास होता, म्हणून सविस्तर लिहितो.

दिवा प्रेशर मोजत नाही. इंजिनवर बसवलेला एक साधा स्विच प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला इतके किलो) खाली गेले की जोडला जातो, एवढेच त्याचे काम; स्विच खराब झाला किंवा त्याची वायर सोलवटून बॉडीला टेकली, तरीही दिवा लागतो. माझ्या गाडीचे इंजिन खोलण्याचा सल्ला एका गॅरेजने दिला होता, पण गेज लावून पाहिल्यावर गरम इंजिनाच्या स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) १.१ किलो प्रेशर मिळाले आणि नवा स्विच बसवताच दिवा विझला. मात्र गाडी वेगात असतानाही दिवा पेटलेलाच राहत असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे आणि गाडी ओढूनच न्यावी.

आधी सपाट जागेवर डिपस्टिक काढून पातळी पाहा आणि ऑइलचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरत असण्याची शक्यता आहे. अशा पातळ झालेल्या ऑइलवर केलेले मोजमाप निरर्थक ठरते.

मोजण्यासाठी ० ते ७ किलोचा साधा मेकॅनिकल गेज पुरेसा आहे; तो स्विच काढून त्याच्याच जागी फिटिंगने बसवायचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर गेज आणि फिटिंग दोन्ही मिळतात, पण जाताना जुना स्विच काढून बरोबर न्या, कारण निमुळते आटे आणि सरळ आटे डोळ्यांना सारखेच दिसतात आणि चुकीचे फिटिंग पाना लावून दामटले, तर ब्लॉकचेच आटे जातात. योग्य फिटिंग पहिले तीन-चार वेढे नुसत्या बोटांनी फिरते. तिथेच अडले, तर ते परत काढा. टेफ्लॉन टेप टाळावी, कारण तिचे तुकडे ऑइलच्या वाटेत जाऊ शकतात, आणि पुढे स्विच टेप गुंडाळून बसवला, तर त्याची अर्थिंगही (इंजिनाच्या धातूशी असलेली विजेची जोड) तुटू शकते. गेजची नळी सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर बांधा. तिथे ऑइल गळले, तर आग लागू शकते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या तापमानात. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल तापले असे नव्हे, ते पाण्यापेक्षा उशिरा तापते. सकाळी थंड इंजिनावर दिसलेल्या ४ किलोंनी कुणीही निर्धास्त होऊ नये. गेज तसाच ठेवून, कुठे गळत नाही याची खात्री करून, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर मुलुंडपासून शीवपर्यंत जाऊन या आणि मगच आकडे लिहा: एक स्लोला, दुसरा सुमारे ३००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). पद्मिनीला आरपीएम मीटर नाही, तेव्हा मेकॅनिककडचा मीटर लावून घ्यावा. स्लोच कमी सेट केलेला असेल, तर धडधाकट इंजिनाचाही दिवा लुकलुकतो.

दर १००० आरपीएमला सुमारे ०.७ किलो हा जुना ठोकताळा आहे, परंतु अंतिम आकडा मॅन्युअलमधलाच मानावा. वेगात प्रेशर पुरेसे आणि फक्त गरम स्लोला कमी असेल, तर बेअरिंगची थोडी झीज समजावी; त्यासाठी लगेच इंजिन उतरवण्याची गरज नसते. सगळीकडेच कमी असेल, तर क्रँककडे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याकडे) वळण्याआधी चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) आणि त्याची स्प्रिंग तपासून घ्या, कारण हे काम बरेच स्वस्तात होते. आणि मोजण्याआधी जाड ऑइल भरून दिवा विझवू नका, नाहीतर गेजवर जो आकडा दिसेल तो इंजिनाची खरी अवस्था सांगणार नाही.