रग्बी युनियनचा प्रोफेशनल प्लेयर साधारण किती वर्षं खेळतो? आणि त्यात पैसा आहे का?

तिशीच्या थोडं पुढेपर्यंत धरून चला. पण त्यातली किती वर्षं ग्राउंडवर गेली आणि किती फिजिओच्या टेबलावर, हा हिशोब कोणी सांगत नाही.

जॉनी विल्किन्सनचंच घ्या, माझा सगळ्यात आवडता प्लेयर. इंग्लंडचा १० नंबर, म्हणजे टीम चालवणारा आणि किक मारणारा. १९९८ ला अठराव्या वर्षी इंग्लंडकडून पहिली मॅच. २००३ ची वर्ल्ड कप फायनल, सिडनी, समोर ऑस्ट्रेलिया, १७-१७, एक्स्ट्रा टाइम संपायला काही सेकंद, आणि हा डाव्या पायाचा गडी चक्क उजव्या पायाने ड्रॉप गोल (हातातला बॉल खाली टाकून उसळताच पोस्टमधून मारलेली किक, ३ पॉइंट) मारतो, २०-१७, कप इंग्लंडचा. तेव्हा वय २४. आता दहा वर्षं बघायला नको असं वाटेल ना? इंग्लंडकडून पुढची मॅच तो खेळला ११६९ दिवसांनी! मान, दंड, गुडघा, जांघ, मध्येच किडनीला मार, एक बरं होतंय तोवर दुसरं हजर. थोडा त्याचाही हट्ट होता म्हणा, १० नंबरवाले सहसा अंग राखून खेळतात आणि हा आपल्यापेक्षा कितीतरी जड फॉरवर्डना, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड प्लेयर्सना, जाऊन भिडायचा. २००७ च्या फेब्रुवारीत परत आला आणि स्कॉटलंडविरुद्ध एकट्याने २७ पॉइंट काढले. मग २००९ ला फ्रान्सच्या टूलाँ क्लबकडे गेला, तिथे लागोपाठ दोनदा युरोपचा कप, २०१४ ला फ्रेंच लीगही, आणि तिथेच ३५ व्या वर्षी थांबला.

आता दुसरी बाजू. त्या ड्रॉप गोलच्या आधीचा लाइनआउटचा बॉल (बाहेर गेलेला बॉल दोन्ही टीमच्या रांगांमध्ये परत फेकतात तो) टाकला होता इंग्लंडच्याच स्टीव्ह थॉम्पसनने. तो हुकर, म्हणजे स्क्रममध्ये (बॉलसाठी दोन्ही टीम वाकून, एकमेकांत अडकून रेटारेटी करतात त्यात) पहिल्या रांगेत मधोमध, समोरून आठ धिप्पाड माणसं रेटतायत आणि मागून आपलीच, मान मध्ये. २००७ ला मानेमुळे रिटायर झाला, तरी परत येऊन २०११ चा वर्ल्ड कप खेळला. २०२० मध्ये ४२ व्या वर्षी त्याने जाहीर केलं की डिमेन्शिया झालाय आणि २००३ चा वर्ल्ड कप खेळल्याचं काहीच आठवत नाही. त्याच्यासारख्या बऱ्याच माजी प्लेयर्सनी डोक्याच्या माराबद्दल वर्ल्ड रग्बी आणि इंग्लंड-वेल्सच्या बोर्डांवर केस केलीय. त्यामुळे किती वर्षं खेळणार यापेक्षा कुठल्या पोझिशनला खेळणार हे आधी विचारा असं माझं मत.

पैशाचं म्हणाल तर पोटापुरता आहे, आयपीएलसारखा नाही. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या क्लब लीगमध्ये अख्ख्या स्क्वॉडची सॅलरी कॅप, म्हणजे वर्षाच्या पगाराची कमाल मर्यादा, ६४ लाख पौंड, वर काही सवलती धरा. म्हणजे सत्तरेक कोटी, तेही पूर्ण सीझन मार खायचे. इकडे एकट्या ऋषभ पंतला दोन महिन्यांचे २७ कोटी. म्हणूनच तिथली बरीच पोरं खेळता खेळता डिग्री नाहीतर कोचिंगचा कोर्स उरकून घेतात.