हा जॉब धरायचा कुठे?

पुणे, आषाढ

प्रिय विद्यार्थ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. दुचाकीचा ब्रॅकेट, म्हणजे सुटे भाग जागेवर धरून ठेवणारा तुकडा, टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनने (धातू कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा हे गणिताने ठरवून) हलका करायचा, तो ॲल्युमिनियमच्या पावडरमधून लेझरने थरावर थर वितळवून छापायचा आणि वजनात ४० टक्के बचत दाखवायची, असा तुझा बेत आहे. विषय चांगला आहे आणि पुण्यात राहून करण्यासारखा आहे. असे ब्रॅकेट रोज हाताळणारी माणसे तुला चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हवी तेवढी भेटतील. पण आराखड्याची पहिली २२ पाने सॉफ्टवेअरवर खर्ची पडली आहेत आणि छपाईच्या वाट्याला शेवटचे दीड पान आले आहे, हे मला खटकले. या पत्रातले बहुतेक सगळे त्या दीड पानाविषयी आहे.

ऑप्टिमायझेशनचा प्रोग्रॅम त्याला जेवढे विचारावे तेवढ्याचेच उत्तर देतो. तू निवडलेल्या पद्धतीत उपलब्ध जागेचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागाला शून्य ते एक यांमधली घनता दिली जाते आणि ताठरता त्या घनतेच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात धरली जाते; म्हणजे अर्ध्या घनतेच्या भागाचे वजन अर्धे मोजावे लागते, पण ताठरता मात्र आठवा हिस्साच पदरात पडते, आणि असा तोट्याचा व्यवहार टाळता टाळता ‘इथे धातू, इथे पोकळी’ असे उत्तर हळूहळू उमटत जाते. ही युक्ती सुंदर आहे, ती मला आजही आनंद देते. पण या सगळ्या मांडणीत तू फक्त एक भार दिला आहेस, तोही एकाच दिशेचा. त्या दिशेला ज्या फाट्याचे काम नाही तो फाटा प्रोग्रॅम काढून टाकणारच. बोल्ट आवळताना पान्याचा पीळ कोणी सोसायचा, गाडी खड्ड्यातून बाजूला कलली तर काय, हे त्याला तू सांगितलेलेच नाहीस.

म्हणून तयार पॅकेजला हात लावण्याआधी एक काम कर. या विषयातले संशोधक ओले सिग्मंड यांनी २००१ मध्ये मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधला ९९ ओळींचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो समजून घेऊन पायथनमध्ये स्वतःच्या हाताने लिही. मग शेजारशेजारच्या भागांमधले फरक सौम्य करणारा त्यातला फिल्टर मुद्दाम काढून तो चालव. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटेल, आणि कोपऱ्याला कोपरा टेकलेल्या चौकटी मेशला, म्हणजे त्या लहान भागांच्या जाळीला, प्रत्यक्षापेक्षा ताठ वाटतात म्हणून ती उमटली, हे तुला स्वतः शोधून काढावे लागेल. त्यानंतर फिल्टर परत लाव, भाराचा कोन २० अंशांनी फिरव आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेव. सगळी आकृती बदललेली दिसली की ‘सर्वोत्तम रचना’ हा शब्द तू आराखड्यात सहा वेळा वापरला आहेस, तो किती वेळा ठेवायचा हे तुझे तूच ठरवशील.

आता माझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका उपकरणासाठी टायटॅनियमचा ब्रॅकेट तयार केला होता. झाडाच्या मुळांसारखा तो वाकत, दुभंगत गेलेला होता आणि संगणकावर त्याचे सगळे ताण मर्यादेत होते. छापून आल्यावर त्याची दोन भोके आणि एक बैठक मशीन करून, म्हणजे यंत्रावर नेमक्या मापात कापून, घ्यायची होती, म्हणून मी तो भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या फिटरने तो हातात घेतला, उलटसुलट फिरवून पाहिला, वाइसच्या, म्हणजे तुकडा घट्ट पकडणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्यात तीन वेगवेगळ्या बाजूंनी टेकवून पाहिला आणि विचारले, “मॅडम, हा जॉब धरायचा कुठं?” वर्कशॉपच्या भाषेत जॉब म्हणजे ज्यावर काम करायचे तो तुकडा. त्या संपूर्ण आकारात एकमेकींना समांतर अशा दोन सपाट बाजू नव्हत्या. शेवटी त्याने लाकडाचे दोन ठोकळे कोरून त्यांच्यामध्ये तो पकडला, तरीही ड्रिल लागताच एक बारीक फाटा थरथरत होता आणि भोक किंचित कलते पडले. माझ्याकडे त्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण मी प्रोग्रॅमला तो प्रश्न विचारलाच नव्हता.

तोच ब्रॅकेट पुढे कंपनचाचणीत तुटला. संगणकाच्या चित्रात जिथे सर्वाधिक ताण दाखवणारा लाल रंग होता ती जागा शाबूत राहिली. तो तुटला एका फाट्याच्या खालच्या अंगाला, जिथे छपाईच्या वेळी अधांतरी भागाला आधार देणारे सपोर्ट लावले होते आणि नंतर पक्कडीने मोडून काढले होते. तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा कडेला अर्धवट वितळलेले पावडरचे कण रव्यासारखे चिकटलेले दिसले आणि अशाच दोन कणांमधल्या खाचेतून भेग निघाली होती. तिथून आत पसरत गेलेले भेगेचे वळसे मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्या बॅचला हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग केलेले होते, म्हणजे आर्गॉनमध्ये सुमारे ९२० अंश सेल्सिअस आणि १०० मेगापास्कल दाबाखाली ठेवून आतली छिद्रे मिटवली होती. पण पृष्ठभागापर्यंत उघडलेली खाच त्या दाबाने मिटत नाही, कारण वायू खाचेतही शिरतो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दाबतो. छापल्यासारखाच ठेवलेला पृष्ठभाग थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देण्याच्या, चाचणीत मशीन केलेल्या पृष्ठभागाच्या खूप खाली राहतो, अनेकदा निम्म्यावर येतो. तुझ्या आराखड्यात पृष्ठभागाचा उल्लेख एकदाही नाही.

म्हणून छपाई समोर बसून पाहा. पावडरचे कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे आणि थर ३० ते ४० मायक्रॉनचा, म्हणजे १०० मिलिमीटर उंचीच्या तुकड्यासाठी सुमारे अडीच हजार ते तेहतीसशे थर. प्रत्येक थर वितळतो, सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतो, आकसतो आणि खालच्या थरांना ओढतो. पातळ कड या ओढीने वर उचलली गेली की पावडर पसरवणारी पट्टी तिच्यावर आपटते आणि दर थराला एक बारीक ‘टक्’ ऐकू येते. हा आवाज संगणकावर ऐकू येत नाही. दुर्लक्ष केलेस तर पट्टीच्या धारेला खाच पडते, मग पावडरच्या सपाट पृष्ठावर एक सरळ ओरखडा उमटू लागतो आणि त्या ओळीत येणाऱ्या शेजारच्या तुकड्यांनाही त्याचा फटका बसतो. ज्या प्लेटवर छपाई होते तिच्यापासून तुकडा सोडवण्याआधी ताण उतरवण्याची उष्णताप्रक्रिया केली नाहीस, तर वायरकट, म्हणजे धातू कापणारी विजेची तार, पुढे सरकेल तसतसा तो डोळ्यांदेखत वाकेल.

पुण्याच्या पावसाळ्याचीही नोंद ठेव. ॲल्युमिनियमची पावडर दमट झाली की नीट वाहत नाही आणि त्या ओलाव्यातल्या हायड्रोजनमुळे धातूत गोल छिद्रे राहतात. डबा कधी उघडला आणि खोलीतली आर्द्रता किती होती, हे वहीत तारखेसह लिहीत जा.

आता उद्दिष्टाविषयी. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही या रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे, छपाईने बनवलेले पीएस-४ इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. त्या रचनेत १४ भागांचा एक भाग झाला, १९ वेल्ड जोड नाहीसे झाले आणि एका इंजिनासाठी लागणाऱ्या ५६५ किलो कच्च्या मालाच्या जागी १३.७ किलो पावडर पुरली. छपाई इथे शोभते, कारण सांधे गेले आणि वाया जाणारा धातू वाचला. दुचाकीचा ब्रॅकेट डायकास्टिंगने, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून, दिवसाला शेकड्यांनी पडतो. त्याच्याशी किमतीत स्पर्धा करण्याचा दावा तू करू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासाचा नमुना म्हणून तो जरूर ठेव, पण शोधायचे काय ते बदल.

माझ्या मते शोधायचे ते असे: छपाईची दिशा, ४५ अंशांपेक्षा जास्त आडवा होणारा उतार, सपोर्टचा व्रण राहणारी जागा आणि तिथली घटलेली थकवा-क्षमता हे सगळे ऑप्टिमायझेशनच्या समीकरणातच घालायचे, आणि त्यामुळे आकार किती व कुठे बदलतो ते पाहायचे. त्यासाठी लागणारे आकडे परक्या निबंधातून उचलू नकोस. ज्या मशीनवर ब्रॅकेट छापणार आहेस त्याच मशीनवर, त्याच पावडरमधून, आडवे, तिरके आणि उभे असे नमुने छाप. काहींचा पृष्ठभाग तसाच ठेव, काहींचा मशीन कर आणि थकव्याच्या चाचण्या घे. यात पहिले वर्ष बहुतेक संपेल. तुझे मार्गदर्शक कुरकुरतील, कारण त्या वर्षात दाखवण्यासारखे एकही रंगीत चित्र हाती येणार नाही; त्यांच्याशी मी बोलेन. त्यानंतर निघणारा ब्रॅकेट ४० ऐवजी २५ टक्केच हलका झाला, तरी तो मला अधिक मोलाचा वाटेल, कारण त्यातल्या प्रत्येक मिलिमीटरचे कारण तुला सांगता येईल.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे ये. गुरुवारी भोसरीत साप्ताहिक सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी सकाळी ये. येताना दोन गोष्टी आण. एक, ब्रॅकेट गाडीवर बसवण्यापासून भंगारात जाईपर्यंत त्याला कोण कोण, कुठून आणि किती जोराने ओढते, याची हाताने लिहिलेली यादी. दुसरी, तुझा सध्याचा आकार कॉलेजच्या साध्या प्लॅस्टिकच्या प्रिंटरवर खऱ्या मापात छापून आण. तो फिटर अजून त्याच वर्कशॉपमध्ये आहे. आपण तुकडा त्याच्या हातात देऊ आणि तो वाइसमध्ये कुठे धरतो ते पाहू.

तुझी,
जुनी शिक्षिका