साउंड कार्ड आणि त्याच्या जोडीचे हेडफोन

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात एसूस कंपनीचे झोनार एसेन्स एसटीएक्स हे साउंड कार्ड आहे. मी प्रामुख्याने ख्यालगायन आणि जुनी नाट्यपदे ऐकतो, रात्री क्वचित चित्रपट पाहतो. घर गिरगावात, रस्त्याच्या अंगाला आहे. सेनहायझरचे एचडी ६५० घेण्याचा विचार आहे. परंतु एका दुकानदाराचे म्हणणे असे की, ३०० ओहमचे हेडफोन संगणकाच्या कार्डावर नीट वाजत नाहीत, त्यापेक्षा कमी ओहमचे घ्यावेत. काय करावे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे मदरबोर्डवरच्या साध्या ध्वनिव्यवस्थेपुरते काही अंशी खरे आहे, आपल्या कार्डाला ते लागू पडत नाही. मुळात ओहमच्या आकड्यावरून, म्हणजे हेडफोनच्या इम्पिडन्सवरून (विद्युतप्रवाहाला तो करत असलेल्या अडथळ्यावरून), हेडफोन वाजवायला सोपा की अवघड हे ठरवता येत नाही. त्याच्या शेजारी छापलेला संवेदनशीलतेचा, म्हणजे ठराविक विजेवर किती मोठा आवाज निघतो याचा, आकडा सोबत वाचावा लागतो, आणि तोही जपून, कारण काही कंपन्या तो एका मिलिवॅटला किती डेसिबल असा देतात, तर काही एका व्होल्टला किती डेसिबल असा. हे दोन प्रकारचे आकडे एकमेकांसमोर ठेवून केलेली तुलना हमखास चुकते.

प्रत्यक्ष हिशेबच करून पाहू. संगीत आपण सरासरी ७५ ते ८० डेसिबलवर ऐकतो असे धरले, तरी सम गाठताना किंवा तार षड्ज लावताना आवाज क्षणभर बराच वर जातो. म्हणून ११० डेसिबलपर्यंत वाव ठेवला की पुरे. एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो. त्याला ११० डेसिबल गाठण्यासाठी सुमारे सव्वादोन व्होल्ट लागतात, आणि ३०० ओहमवर त्याची शक्ती भरते जेमतेम १७ मिलिवॅट. आता हायफायमॅनचा एचई-६ हा प्लॅनर (सपाट, पातळ पडदा असलेल्या) जातीचा हेडफोन घ्या. तो फक्त ५० ओहमचा, म्हणजे दुकानदाराच्या मापाने सोपा. पण त्याची संवेदनशीलता मिलिवॅटला ८३.५ डेसिबल इतकीच असल्यामुळे त्याच ११० डेसिबलसाठी त्याला पावणेपाच व्होल्टच्या आसपास दाब आणि ४५० मिलिवॅटच्या घरात शक्ती लागते. एकेजीचा के ७०२ हा ६२ ओहमचा हेडफोनही एचडी ६५० च्या सुमारे तिप्पट शक्ती मागतो. थोडक्यात, जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्ट हवे असतात आणि कमी ओहमच्या हेडफोनला विद्युतप्रवाह. आपल्या कार्डावर हेडफोनसाठी टीपीए६१२०ए२ हा स्वतंत्र अँप्लिफायर बसवलेला आहे आणि व्होल्टच्या बाबतीत तो सढळ आहे. एचडी ६५० त्याला मुळीच जड जाणार नाही.

याहून महत्त्वाची आणि दुकानात सहसा न बोलली जाणारी बाब म्हणजे कार्डाच्या हेडफोन-जॅकचा स्वतःचा इम्पिडन्स. हेडफोनचा इम्पिडन्स सर्व पट्ट्यांत सारखा नसतो. एचडी ६५० वर ३०० ओहम छापलेले असले, तरी सुमारे १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्या घरात चढतो. जॅकचा इम्पिडन्स मोठा असेल तर जिथे हेडफोनचा इम्पिडन्स जास्त, तिथे आवाजही जास्त निघतो, आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक मूळ ध्वनिमुद्रणात नसेल इतकी फुगते. आपल्या कार्डाचा जॅक सुमारे १० ओहमचा आहे. त्यामुळे एचडी ६५० वर पडणारा फरक एका डेसिबलच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे कानाला न कळणारा. मात्र उद्या याच जॅकला १६ ओहमचे, अनेक आर्मेचर (आवाज काढणारे सूक्ष्म घटक) असलेले इअरफोन लावलेत, तर त्यांचा सूर बदललेला ऐकू येईल आणि दोष इअरफोनवर जाईल. जॅकचा इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा जो ठोकताळा जाणकार सांगतात, त्याचे कारण हेच. तेव्हा या कार्डाच्या बाबतीत दुकानदाराचा सल्ला उलटा करून घ्यावा : २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन त्याला अधिक शोभतात.

कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये हेडफोनसाठी गेनचे (आवाज किती वाढवून द्यायचा याचे) तीन टप्पे दिलेले आहेत : ६४ ओहमच्या खाली, ६४ ते ३०० आणि ३०० ते ६००. एचडी ६५० साठी मधला टप्पा ठेवावा. वरचा टप्पा लावून आवाज मोठा झाला म्हणजे सुधारला असे वाटते खरे, पण तो निव्वळ मोठा झालेला असतो. आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास करून देणारी डॉल्बी हेडफोन ही सोय चित्रपटापुरती चालू ठेवावी; गाणे ऐकताना ती बंदच असावी, एरवी तंबोऱ्याभोवती नसलेला हॉल तयार होतो.

कार्डाचा प्रश्न येथे संपतो. खरा प्रश्न आपल्या खिडकीचा आहे. एचडी ६५० हा ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडा हेडफोन आहे. बाहेरचा आवाज तो जवळजवळ जसाच्या तसा आत येऊ देतो आणि आतला बाहेर सोडतो. गिरगावातल्या रस्त्यावरचे हॉर्न आणि डोक्यावरचा पंखा यांच्या सोबतीने विलंबित ख्याल ऐकायचा, तर आवाज वाढवण्याचा मोह होतोच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, ती अशा घरात नकळत ओलांडली जाते. आपले ऐकणे रात्री दहानंतरचे असेल आणि शेजारी कोणी झोपलेले नसेल, तर एचडी ६५० अवश्य घ्यावा. दिवसा ऐकायचे असेल तर बेयरडायनॅमिकचा बंद पाठीचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा, अधिक शहाणपणाचा ठरेल, जरी सुरांच्या नैसर्गिकपणात तो एचडी ६५० ची बरोबरी करत नाही.

नाट्यपदांसाठी मात्र माझा कल स्पष्टपणे एचडी ६५० कडे आहे. ७८ गतीच्या तबकड्यांवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणांत वरच्या पट्टीत गायनाचा अंश थोडा आणि तबकडीची खरखर फार असते. वरचे स्वर झळाळून दाखवणारे हेडफोन, उदाहरणार्थ बेयरडायनॅमिकचाच डीटी ९९०, ही खरखर पुढे आणतात. एचडी ६५० ची वरची पट्टी सौम्य असल्याने गळा पुढे आणि खरखर मागे राहते. ही ध्वनिमुद्रणे मोनो असल्यामुळे गायक डोक्याच्या मधोमध गात असल्यासारखा भासेल. तो हेडफोनचा दोष समजू नये.

खरेदीपूर्वी स्वतःच्या आवडीचे ध्वनिमुद्रण सोबत नेऊन किमान अर्धा तास ऐकावे. एचडी ६५० नवा असताना कानशिलांवर घट्ट बसतो. चष्मा असेल तर तो लावूनच ऐकावे. लॅमिंग्टन रोडवर भाव चांगला मिळाला तरी जीएसटीचे बिल आणि त्यावर अनुक्रमांक घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण नामांकित हेडफोनच्या हुबेहूब नकला बाजारात फिरत असतात.

प्रश्न : माझ्याकडे वेगळे कार्ड नाही. संगणकाच्या पुढच्या जॅकला ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम५०एक्स लावले की माउस हलवताना बारीक चिरचिर ऐकू येते. महागडे साउंड कार्ड घेऊ का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी हेडफोन कॅबिनेटच्या मागच्या जॅकला लावून पाहा. पुढच्या जॅकपर्यंत जाणारी तार कॅबिनेटच्या आत वीजपुरवठा आणि ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि तिथली गडबड उचलते. अनेकदा एवढ्याने काम भागते. चिरचिर तरीही राहिली, तर संगणकाच्या आत आणखी एक कार्ड बसवण्याऐवजी यूएसबीवर चालणारे बाहेरचे उपकरण घ्यावे. आपले हेडफोन ३८ ओहमचे आणि मिलिवॅटला ९९ डेसिबल देणारे, म्हणजे एका व्होल्टवरच ११० च्या पुढे जाणारे आहेत. त्यांना अँप्लिफायरच्या ताकदीची नव्हे, तर शांत आणि कमी इम्पिडन्सच्या जॅकची गरज आहे. अॅपलचा यूएसबी-सी ते हेडफोन हा लहानसा अडॅप्टरही एक व्होल्ट देतो आणि त्याचा इम्पिडन्स नगण्य आहे. त्यापुढचा खर्च तूर्त अनावश्यक वाटतो.

प्रश्न : कार्ड १९२ किलोहर्ट्झवर ठेवल्यास सीडीवरून घेतलेली गाणी अधिक चांगली वाजतील का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. सीडी ४४.१ किलोहर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने), १६ बिटची असते आणि तिच्यात सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. माणसाचा कान तरुणपणीही २० च्या पुढे जात नाही. कार्ड ४४.१ वर ठेवावे, म्हणजे विंडोजला मधल्या मधे आकडेमोड करावी लागत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात हेडफोनच्या गाद्यांचे रेक्झिन सुटून काळे पापुद्रे कानाला चिकटतात. उपाय आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : मुंबईच्या दमटपणात कृत्रिम चामडे टिकत नाही, हेडफोन कितीही किमतीचा असो. शक्य असेल तिथे मखमली गाद्या घ्याव्यात. त्या घाम शोषतात, म्हणून वापरानंतर पंख्याखाली वाळवाव्यात आणि मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवाव्यात. मात्र बंद पाठीच्या हेडफोनला चामड्याऐवजी मखमल लावली की कानाभोवतीची हवाबंद पकड सैल होते आणि खर्ज थोडा उतरतो. नवा हेडफोन निवडतानाच त्याच्या गाद्या सुट्या विकत मिळतात का, याची चौकशी करावी.