आपण पाचवे, अजून दोन बाकी?

प्रश्न : नाना, शेतातल्या भरीत पार्टीत एका पाहुण्यांनी सांगितलं की आपण माणसं ‘पाचवा मूलवंश’ आहोत, अजून दोन यायचे आहेत. हे आपल्या पुराणातलं का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : नाही भाऊ, ही थिऑसॉफी या एकोणिसाव्या शतकातल्या गूढवादी पंथाची मांडणी: माणसाचे एकामागून एक सात मूलवंश. पंथाच्या एक संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई, त्यांनी 1888 च्या ‘द सिक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये ती सविस्तर दिली. पहिला वंश देहाविना, नुसता छायेसारखा. तिसरा लेमुरिया नावाच्या कल्पित भूभागातला. त्याला म्हणे डोक्यामागे तिसरा डोळा होता, तोच आक्रसून मेंदूतली पिनियल ग्रंथी झाला! चौथा अटलांटिस या दंतकथेतल्या बुडालेल्या भूमीचा, पाचवे आपण.

कल्प, मन्वंतर, प्रलय हे शब्द मात्र आपल्याकडूनच उचललेले, म्हणून ऐकणाऱ्याला सगळं घरचं वाटतं. पण हिशेब जुळत नाही. पुराणांत एका कल्पात चौदा मन्वंतरं, त्यातलं सातवं चालू. आणि कृतापासून कलीपर्यंत धर्म घसरतच जातो. बाईंच्या मांडणीत आत्मा आधी जडात उतरतो, मग वर चढू लागतो.

लेमुरिया तर 1864 साली स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने सुचवलेला भूभाग. मादागास्करचे लेमूर (माकडांसारखे प्राणी) आणि समुद्रापलीकडे भारतातले त्यांचे सोयरे यांचं कोडं सोडवायला. खंड सरकतात हे कळल्यावर त्याची गरजच उरली नाही.

मला खटकतं ते वेगळंच. पाचव्याला ‘आर्य’ म्हणायचं आणि काही आदिवासी समाजांना मागच्या वंशांचे उरलेसुरले ठरवायचं. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल शेजाऱ्यांसमोर बसून पाहुण्यांनी हे बोलून दाखवावं. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, त्यांना एकदा तिकडेही न्या.