व्हेल शार्क ओळखायची ताऱ्यांची पद्धत मालवणच्या डॉल्फिनला चालेल का?

कोल्हापुरात इंजिनिअरिंग करताय, मालवणच्या फेऱ्यांमध्ये काढलेले तीन हजार फोटो आहेत आणि त्यातून एकेक डॉल्फिन वेगळा ओळखायचा आहे, असा तुमचा प्रश्न.

ताऱ्यांची पद्धत इथे चालणार नाही. १९८६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड ग्रोथ यांनी ताऱ्यांच्या जागांच्या दोन याद्या जुळवायला त्रिकोणांची युक्ती मांडली आणि २००५ मध्ये ती व्हेल शार्कला लावली गेली. कल्ल्यांच्या फटींमागचे ठिपके घ्यायचे, तीन-तीन ठिपक्यांचे त्रिकोण करायचे आणि बाजूंची गुणोत्तरं ताडून बघायची. फोटो लांबून काढला किंवा फिरवला तरी गुणोत्तर तेच राहतं, तिरपा काढला की बिघडतं. आपल्या किनाऱ्यावरच्या हंपबॅक डॉल्फिनला असे ठिपकेच नाहीत. त्याची ओळख म्हणजे पाठीवरच्या पराची मागची कड: खाचा, चिरा, तुटलेलं टोक. तालमीतला पैलवान मोडलेल्या कानावरून ओळखतात, तसंच.

त्यामुळे आधी फोटो निवडा. निम्मे बाद झाले तरी हळहळू नका. पर कॅमेऱ्याला काटकोनात हवा, फोकस कडेवर हवा आणि कापून घेतल्यावर पराची उंची निदान दोनशे पिक्सेल उरायला हवी. तीस अंशांहून जास्त तिरपा असेल तर खाच उथळ दिसते किंवा दिसतच नाही. कडेवरचा पाण्याचा थेंब खाचेसारखा दिसतो, म्हणून लागोपाठच्या दोन-तीन फ्रेम ताडून पाहा. पुढच्या वेळी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. उन्हाविरुद्धचे काळपट फोटो फेकू नका, त्यात कड उलट स्वच्छ मिळते. डावी आणि उजवी बाजू मात्र वेगळी नोंदवा. खाच दोन्हीकडून दिसते, त्वचेवरचा डाग एकाच बाजूला असतो.

फोटोंवरून पर ओळखायला शिकणारं संगणकी मॉडेल कुठलंही घ्या, पण प्रशिक्षणाचे आणि चाचणीचे फोटो तारखेनुसार वेगळे करा. इथेच बहुतेक प्रोजेक्ट फसतात. एका दमात काढलेल्या वीस फ्रेमपैकी पंधरा प्रशिक्षणात आणि पाच चाचणीत गेल्या की अचूकता डोळे दिपवणारी येते. प्रत्यक्षात मॉडेलने पर शिकलेलाच नसतो, त्या दिवशीचं पाणी आणि ऊन पाठ केलेलं असतं.

संगणकाकडून एकच नाव मागू नका, जवळचे दहा उमेदवार मागा आणि निकाल दोघांनी स्वतंत्रपणे डोळ्यांनी द्या. ‘यातला कुणीच नाही’ हा पर्याय हवाच, नाहीतर प्रत्येक नवा डॉल्फिन कुठल्यातरी जुन्याच्या खात्यावर जमा होतो आणि संख्या घटते. उलट एकाचेच दोन झाले, तर ती फुगते.

पिल्लांचे पर बहुधा कोरेच असतात. त्यांना क्रमांक देऊ नका, पण मोजून ठेवा. एकूण संख्येचा अंदाज काढताना खुणा असलेल्यांचं प्रमाण लागतं. आणि त्या किनाऱ्यावर फिनलेस पॉरपॉइज हा डॉल्फिनसारखा दिसणारा प्राणीही आहे. त्याला पाठीवर परच नसतो, तेव्हा ते फोटो सुरुवातीलाच बाजूला काढा.