विश्रामबागच्या चौकातच भेट

प्रिय मुली,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी कोर्टात निघताना वाचला. 'काकू, डेटिंग ॲपवर भेटलेल्या त्या मुलाच्या प्रोफाइलवर निळी खूण आहे, म्हणजे सरकारी नियमानं तपासलेलंच असणार ना?' नाही गं. ती खूण बहुतेक वेळा एवढंच सांगते, की सेल्फीतला चेहरा आणि प्रोफाइलवरचा चेहरा एकच आहे. त्याचं लग्न झालंय का, नोकरी खरी आहे का, हे त्यात येत नाही.

गंमत बघ. 2016 मध्ये केंद्र सरकारनं लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटांना सूचना काढल्या: ओळखपत्र घ्या, माणूस लग्नासाठीच आलाय याची खात्री करा, आणि ही डेटिंगची साइट नव्हे असं स्पष्ट लिहा. खुद्द डेटिंग ॲपसाठी मात्र आपल्याकडं वेगळा कायदा नाही. जणू त्या वाटेला सभ्य घरातलं कोणी जातच नाही! ही ॲप माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 'मध्यस्थ', म्हणजे लोकांचा मजकूर नुसता पुढं पोचवणारे, म्हणून बाकीच्या साइटांच्याच पंगतीला बसतात. तरी 2021 च्या नियमांनी त्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावला. कुणाचे खासगी फोटो परस्पर टाकले गेले, तर तक्रारीनंतर ते काढायला तेव्हा 24 तासांची मुदत ठरली. पण तक्रार आली तरच.

आणि तीच येत नाही. मिरजेकडचा एक पोरगा माझ्याकडं आला होता. फोन टेबलावर पालथा ठेवलेला, नजर फरशीवर. ॲपवरच्या 'मैत्रिणी'नं व्हिडिओ कॉल केला, रेकॉर्ड केला आणि पैसे मागितले. यानं दोनदा भरले, आणि कुणाला दिसू नये म्हणून सगळं चॅट पुसून टाकलं! मी जाम चिडले त्याच्यावर. नशीब, बँकेचे मेसेज तेवढे राहिले होते, त्यांत यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहारांचे क्रमांक, सापडले. पण तोवर आठवडा उलटलेला. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता, तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवायला निदान वाव होता. तू काही पुसायचं नाहीस. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख-वेळ, सगळं ठेव. 'फोटो मीच पाठवला होता' म्हणून गप्पही बसायचं नाही. पाठवायला हो म्हणणं वेगळं आणि पसरवायला हो म्हणणं वेगळं. कायदाही हा फरक करतो.

आता रविवारचं. ओळखीचं कोणी बघेल म्हणून तुम्ही दंडोबाच्या डोंगराकडं जायचं ठरवताय, हे मला मुळीच पटलेलं नाही. सांगलीत हरभट रोडवर शिंकलं तर गावभागात 'सत्य आहे' म्हणतात, कबूल. पण कुणी बघणार नाही अशी जागा तुझ्याइतकीच त्यालाही सोयीची आहे, आणि तो कोण आहे हे अजून तुला ठाऊक नाही. विश्रामबागच्या चौकातल्या एखाद्या हॉटेलात भेट, खिडकीजवळ बस. तुझी गाडी तू घेऊन जा, त्याला घरापर्यंत सोडायला येऊ देऊ नकोस. जागा बदलूया म्हणाला, तर चहाचे पैसे देऊन सरळ उठ. वाईट वाटलं त्याला, तर वाटू दे.

आईला मी काही बोलणार नाही. पण त्याचा नंबर आणि प्रोफाइलचा स्क्रीनशॉट आजच मला पाठव. रविवारी चार वाजल्यापासून मी घरीच आहे. पोचलीस की एक मिस्ड कॉल, निघालीस की दुसरा. सहापर्यंत दुसरा आला नाही, तर मी स्कूटर काढून तिथं येणार. मग तुझी काय शोभा व्हायची ती होऊ दे.

तुझी,
वकीलकाकू